लँकेशायर आणि यॉर्कशायरमधील छोटी क्रिकेट मैदाने : कसोटी पाहायला येणाऱ्यांनी एक शनिवार राखून ठेवावा

हॅसलिंगडेनच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेलो तो विनू मांकडांमुळे. १९५२ साली भारतीय संघ इंग्लंडला निघाला तेव्हा मांकड त्या संघात नव्हते. कसोटीतली आपली जागा पक्की आहे का, असे त्यांनी मंडळाला विचारले होते. तसा शब्द मिळाला नाही, म्हणून लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंगडेन क्लबाशी त्यांनी त्या हंगामाचा करार केला. पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली आणि मांकडांना सोडा, अशी विनंती या लहानशा गावातल्या क्लबाला करावी लागली. क्लबाने त्यांना सोडले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकली आणि पाच बळी घेतले. भारत तो सामना हरला, तरी ती कसोटी आजही मांकडांच्या नावाने ओळखली जाते.

ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असेल. मात्र हॅसलिंगडेन हे नुसते नाव नाही, ते एक गाव आहे, बेंटगेट नावाचे त्याचे मैदान आजही नांदते आहे आणि उन्हाळ्यात तिथे सामना असेल त्या दिवशी जाऊन बसता येते, हे मला मँचेस्टरजवळ राहायला आल्यानंतरही चार वर्षे सुचले नव्हते. अखेर गेलो तेव्हा जूनचा महिना होता. टेकडीच्या अंगावर काळपट दगडी घरांच्या रांगा आणि खाली हिरवेगार मैदान असे ते दृश्य होते. धावफलकाजवळ दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पत्र्याचे आकडे पोटाशी धरून उभा होता. चौकार गेला की तो हवा तो आकडा शोधून खिळ्याला अडकवी आणि दोन पावले मागे सरून तो सरळ बसला आहे की नाही ते पाही. त्या पत्र्यांचा पांढरा रंग खिळ्याच्या भोकाभोवती पार उडून गेला होता.

हजारे, फडकर, गुप्ते यांच्या पिढीचा निम्मा उन्हाळी संसार याच भागात झाला. सांगलीचे विजय हजारे शेजारच्याच रॉटेनस्टॉल क्लबाचे व्यावसायिक खेळाडू होते, म्हणजे १९५२ च्या भारतीय कर्णधाराला मांकड कुठे आणि कशा प्रकारचे क्रिकेट खेळत आहेत, हे स्वानुभवाने ठाऊक होते. कोल्हापूरचे दत्तू फडकर नेल्सनकडून खेळले. मुंबईच्या सुभाष गुप्त्यांनी पन्नाशीच्या दशकात रिश्टनसाठी लेगस्पिन टाकली. त्यांच्याही आधी, १९३० च्या दशकात, अमरसिंग कोल्नकडे आणि लाला अमरनाथ नेल्सनकडे होते. पुढे १९८१ मध्ये कपिलदेवही नेल्सनकडून खेळला. ही सगळी गावे एकमेकांपासून दहा-पंधरा मैलांच्या आत आहेत.

इतके मोठे खेळाडू इतक्या लहान गावांत येत, याचे कारण लीगच्या रचनेत आहे. १८९२ साली स्थापन झालेल्या या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. बाकीचे दहा जण गावातले हौशी, म्हणजे गिरणीतले, खाणीतले किंवा दुकानातले. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की गाव मैदानावर लोटे, दाराशी जमणाऱ्या पैशांतून त्या एका खेळाडूचे मानधन निघे आणि म्हणून जगातला उत्तमातला उत्तम खेळाडू आणण्याची गावागावांत चुरस असे. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे नेल्सनकडे होते आणि त्यांपैकी सात वर्षे नेल्सनने लीग जिंकली. मेरेडिथ स्ट्रीटवरच्या त्यांच्या साध्या घरावर आज निळी पाटी आहे. पुढे ते ब्रिटिश उमरावांच्या सभागृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले.

प्रोचे, म्हणजे या व्यावसायिक खेळाडूचे, काम सोपे नव्हते. त्याने डाव उभारायचा, एका टोकाने अखंड गोलंदाजी करायची, आठवड्यातल्या संध्याकाळी गावातल्या मुलांना शिकवायचे आणि शून्यावर बाद झाल्यास सोमवारी बाजारात भेटणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे. अर्धशतक झाले की प्रेक्षकांमधून डबा फिरवण्याची पद्धत होती आणि अनेक मैदानांवर ती अजूनही आहे. बेंटगेटला एका हौशी फलंदाजाने पन्नास धावा केल्या तेव्हा प्लॅस्टिकची एक बादली माझ्यापर्यंत आली. तळाशी नाणी वाजत होती. मी एक पौंड टाकला आणि बादली धरणाऱ्या आजींनी "थँक यू, लव्ह" म्हणून ती पुढे नेली. त्या क्षणी मी त्या मैदानावरचा परका माणूस राहिलो नाही.

एक गोष्ट विषयाला जोडूनच सांगतो. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल, म्हणजे सूत कातण्याच्या, खात्यात होते. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर ओतलेली 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' ही अक्षरे त्यांना नुसत्या आकारावरून पाठ होती. ओल्डहॅम, ॲक्रिंग्टन आणि बोल्टन इथल्या कारखान्यांतून मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे येत असत. लोकल गाडीच्या फलकावर मी ओल्डहॅम हे नाव वाचले तेव्हा मला आजोबांचे बोट त्या अक्षरांवरून फिरताना दिसले. इथल्याही गिरण्या बंद पडल्या आणि कित्येक पाडल्या गेल्या. मैदाने मात्र राहिली, कारण ती बहुतांशी क्लबांनी आणि गावकऱ्यांनी धरून ठेवली.

आपल्याकडून हजारो लोक कसोटी पाहायला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डला आणि लीड्सच्या हेडिंग्लेला येतात, महागडी तिकिटे काढतात आणि परत जातात. हजारे आणि गुप्ते जिथे पोटासाठी खेळले ती मैदाने तिथून तास-सव्वा तासावर आहेत आणि तिथे आपल्यापैकी जवळजवळ कोणी जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आपण कोणी अशी मैदाने पाहिली असल्यास कृपया इथे लिहावे.

प्रतिसाद १ (लीड्स)

लेख फार आवडला, परंतु शीर्षकात यॉर्कशायर असूनही लेखात ते आलेच नाही, म्हणून थोडी भर घालते.

लीड्स आणि ब्रॅडफर्ड यांच्या मध्ये पुडसी नावाचे गाव आहे. तिथल्या पुडसी सेंट लॉरेन्स क्लबाकडून इंग्लंडचे सलामीवीर हर्बर्ट सटक्लिफ खेळले आणि नंतर लेन हटन खेळले. १९३८ साली ओव्हलवर ३६४ धावा करणाऱ्या फलंदाजाचे बालपण ज्या मैदानावर गेले तिथे आज शुक्रवारी संध्याकाळी आठ-नऊ वर्षांच्या मुली हेल्मेट सावरत फलंदाजीला उभ्या असतात. पुडसीला लागूनच फार्स्ली आहे. इंग्लंडचे कर्णधार राहिलेले रे इलिंगवर्थ निवृत्तीनंतर अनेक वर्षे फार्स्लीच्या मैदानाची खेळपट्टी स्वतः तयार करत असत. ज्याने ॲशेस जिंकून आणली तो माणूस आपल्या गावाच्या क्लबासाठी रोलर फिरवतो, ही गोष्ट मला इथल्या क्रिकेटबद्दल सर्वांत जास्त सांगून जाते.

सौंदर्याचाच विचार केला तर सॉल्टेअरला जावे. टायटस सॉल्ट यांनी कामगारांसाठी वसवलेले हे गाव २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एअर नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की रॉबर्ट्स पार्क लागते आणि त्या बागेतच क्रिकेट चालते. पहिल्या महायुद्धात काउंटी क्रिकेट बंद असताना ब्रॅडफर्ड लीग मात्र चालू होती, त्यामुळे १९१५ मध्ये इंग्लंडचे गोलंदाज सिडनी बार्न्स सॉल्टेअरकडे आले आणि फलंदाज जॅक हॉब्ज जवळच्याच आयडल क्लबाकडे. एका कसोटीत १९ बळी घेणारे जिम लेकरही मुलगा असताना सॉल्टेअरकडूनच खेळले. सामना पाहायला तिथे पैसे पडत नाहीत, कारण ती सार्वजनिक बाग आहे. माणसे कुत्र्यांना फिरवत सीमारेषेच्या कडेने जातात आणि षटक संपेपर्यंत थांबण्याचे भान लहान मुलांनाही असते.

हडर्सफील्डजवळच्या कर्कहीटनचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज हर्स्ट आणि विल्फ्रेड ऱ्होड्स हे दोघेही त्याच खेड्यातले, दोघेही उजव्या हाताने फलंदाजी आणि डाव्या हाताने गोलंदाजी करणारे. एकाने १९०६ च्या हंगामात दोन हजार धावा आणि दोनशे बळी अशी कामगिरी केली, जी पुन्हा कोणालाच साधली नाही; दुसऱ्याने प्रथम श्रेणीत चार हजारांहून अधिक बळी घेतले. जगातला सर्वश्रेष्ठ अष्टपैलू कोण, या प्रश्नावर यॉर्कशायरची जुनी माणसे एवढेच सांगत की तो उजव्या हाताने खेळे, डाव्या हाताने टाके आणि कर्कहीटनचा होता.

प्रतिसाद २ (पुणे)

धागाकर्त्यांचे आणि लीड्सच्या ताईंचे आभार. पुढच्या उन्हाळ्यात मी वडिलांना घेऊन मँचेस्टरला बहिणीकडे येणार आहे. वडील ऐंशीच्या पुढे आहेत. शाळकरी वयात त्यांनी ब्रेबॉर्नवर सुभाष गुप्त्यांची गोलंदाजी पाहिली होती आणि १९५८ मध्ये कानपूरला गुप्त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ बळी घेतले, त्याचे वर्णन ते आजही कोणी न विचारता करतात. त्यांना रिश्टनला नेण्याची माझी इच्छा आहे. अनोळखी माणसाला आत घेतात का? बसायला खुर्ची मिळते का? जास्त चालावे लागेल का? त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

अवश्य या. रिश्टनला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे. ब्लॅकबर्नहून कोल्नकडे जाणारी गाडी रिश्टन, चर्च, ॲक्रिंग्टन, बर्न्ली, नेल्सन आणि शेवटी कोल्न अशी थांबत जाते, म्हणजे लँकेशायर लीगमधली कित्येक गावे एकाच रुळावर ओवलेली आहेत. बर्न्लीला तर फुटबॉलचे स्टेडियम आणि क्रिकेटचे मैदान एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या क्रिकेट क्लबाकडून वेस्ट इंडीजच्या चार्ली ग्रिफिथने १९६४ च्या एका हंगामात १४४ बळी घेतले आणि जेम्स अँडरसनही याच क्लबातून पुढे आला. गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे स्थानकावरून टॅक्सी करावी, कारण या भागात चढ-उतार फार आहेत.

हंगाम एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. मे महिन्यात बोचरा वारा असतो, म्हणून वडिलांसाठी जून अखेर किंवा जुलै निवडावा आणि तेव्हाही स्वेटर, कानटोपी व छत्री जवळ ठेवावी. सामने साधारणपणे दुपारी एकच्या सुमारास सुरू होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी सामना त्याच गावात आहे की दुसऱ्या गावात, हे क्लबाच्या पानावर तपासून घ्यावे. मी एकदा हे न पाहता कोल्नपर्यंत गेलो आणि रिकाम्या मैदानावर एक माणूस गवत कापत होता. कुठे दाराशी थोडेसे शुल्क घेतात, कुठे काहीच नाही. सीमारेषेभोवती लाकडी बाक असतात आणि कित्येक बाकांवर गेलेल्या सभासदांच्या नावाची लहान पितळी पट्टी असते. तिथे खुशाल बसावे; ते बाक बसण्यासाठीच दिलेले असतात.

दोन गोष्टी पाळाव्यात. गोलंदाज धावत येत असताना त्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे साइटस्क्रीनच्या (तिथल्या मोठ्या पडद्याच्या) जवळून, चालू नये. आणि क्लबाच्या खिडकीवरून चहा किंवा काही खायला जरूर घ्यावे, कारण रोलरची दुरुस्ती, आच्छादने आणि मुलांचे चेंडू या सगळ्याचा खर्च त्या खिडकीतून निघतो.

वडिलांनी तिथल्या वयस्कर माणसांशी आपणहून बोलावे. 'गुप्ते' एवढा एक शब्द पुरेसा आहे.

प्रतिसाद ३ (न्यूकॅसल)

आणखी उत्तरेकडचे दोन शब्द. नॉर्थंबरलंडमध्ये बॅम्बरोच्या किल्ल्याच्या थेट पायथ्याशी क्रिकेट खेळतात. उंच कातळावर किल्ला, खाली खेळपट्टी आणि वाळूच्या टेकड्यांपलीकडे समुद्र. कंब्रियातल्या केझिकचे मैदान फिट्झ पार्कमध्ये आहे आणि तिथे फलंदाजाच्या डोक्यावर स्किडॉ डोंगर दिसतो. आम्ही दोघे तिथे डबा घेऊन गेलो होतो आणि सहा तास उठलो नाही.

पण या मैदानांचे सौंदर्य जिथून येते, तिथूनच त्यांच्यावर संकटही येते. सपाट जमीन नदीकाठीच मिळते, म्हणून मैदाने नदीकाठी आहेत. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात ग्रेटा नदी केझिकच्या मैदानावर पसरली आणि त्याच पुरात टाइन नदीने कॉर्ब्रिजच्या क्लबाची दुर्दशा केली. पूर ओसरल्यावर गवतावर चिखल आणि गोटे उरतात आणि खेळपट्टीची माती, जी वर्षानुवर्षे दाबून घट्ट केलेली असते, ती पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. हे काम पगारी माणसे करत नाहीत, गावातले निवृत्त शिक्षक आणि शेतकरी फावडी घेऊन येतात. बेन स्टोक्स बारा वर्षांचा असताना न्यूझीलंडहून ज्या कॉकरमथला आला तेही असेच नदीकाठचे गाव आहे आणि तिथल्या क्लबातच तो वाढला.

प्रतिसाद ४ (ब्रॅडफर्ड)

सर्वांचे लिखाण मनापासूनचे आहे, म्हणूनच एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी इथे एकोणीस वर्षे आहे आणि त्यांपैकी आठ वर्षे क्लब क्रिकेट खेळलो. माझ्या पहिल्या क्लबात मी सरावाला नियमित जात असे, जाळीत सर्वांत जास्त गोलंदाजी करत असे आणि तरी दोन हंगाम मला तिसऱ्या संघाच्या वर घेतले नाही. खेळानंतर मद्य घेत नाही म्हणून मी आपोआप वेगळा पडत असे. कोणी अपशब्द बोलले नाही, फक्त कोणी शेजारी येऊन बसले नाही. नंतर क्लब बदलला आणि तिथे मला घरच्यासारखी माणसे मिळाली, हेही तितकेच खरे आहे.

यॉर्कशायर काउंटीकडून खेळण्यासाठी जन्म यॉर्कशायरमध्येच झालेला असावा, हा दंडक १९९२ पर्यंत चालला आणि त्या वर्षी त्यांचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला तो आपला एकोणीस वर्षांचा सचिन. ज्या जिल्ह्यात हजारो दक्षिण आशियाई मुले रस्त्यात क्रिकेट खेळत वाढली, त्या मुलांसाठी काउंटीचे दार मात्र फार उशिरा आणि फार थोडे उघडले. २०२३ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र आयोगानेच वंश, वर्ग आणि लिंग यांवरून होणारा भेदभाव या खेळात सर्वदूर आहे, असे लिहिले. तेव्हा पाहुणा म्हणून एक दुपार घालवणाऱ्याचा अनुभव आणि संघात जागा मागणाऱ्याचा अनुभव यांत अंतर आहे, हे या धाग्यावर नोंदवलेले असावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. मी पाहुण्याच्या नजरेने लिहिले, हे मान्य करतो. कॉन्स्टंटाइन नेल्सनला आले तेव्हा लोक खिडकीला नाक लावून त्यांना पाहत असत आणि त्यांना निनावी शिवीगाळीची पत्रेही आली, हे मला लेखात लिहायला हवे होते. प्रो आवडता असे, कारण तो सामने जिंकून देई. घर शोधणाऱ्या किंवा तिसऱ्या संघातून वर येऊ पाहणाऱ्या माणसाला तेच प्रेम मिळे असे नाही. आज मात्र लँकेशायर लीगमधल्या अनेक संघांची यादी वाचली तर पटेल, खान, हुसेन ही नावे हौशी खेळाडूंमध्ये ठळक दिसतात आणि काही क्लब त्यांच्याच बळावर उभे आहेत.

प्रतिसाद ५ (दादर)

धागा वाचताना सारखी कांगा लीग आठवत राहिली. १९४८ पासून आपण भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात क्रिकेट खेळत आलो आहोत आणि मुंबईच्या फलंदाजांचे बचावतंत्र त्यातून घडले असे जुने लोक सांगत. हजारे आणि मांकड लँकेशायरला ज्या प्रकारच्या ओल्या, वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर उतरले, त्यांचे आपल्या पावसाळी मैदानांशी जवळचे नाते आहे. फरक एवढाच की आझाद मैदानावर आपल्या क्लबाचा तंबू असतो, पायाखालची जमीन नसते. एकाच मैदानावर अनेक सामने चालतात आणि एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. गावाच्या क्लबाचे स्वतःचे मैदान, हे वाचून हेवा वाटला.

प्रतिसाद ६ (पुणे)

आठ महिन्यांनी लिहीत आहे. जुलैतल्या शनिवारी आम्ही वडिलांना रिश्टनला घेऊन गेलो. ढगाळ हवा होती, पण पाऊस पडला नाही. दाराशी बसलेल्या गृहस्थांना मी सांगितले की वडिलांनी लहानपणी गुप्त्यांना पाहिले आहे. त्यांनी वडिलांकडे पाहिले, खुर्ची सोडून उठले आणि त्यांना हाताला धरून पॅव्हेलियनसमोरच्या बाकावर बसवले. मग ते आणखी एका आजोबांना घेऊन आले. त्यांनीही गुप्त्यांना पाहिले होते, याच मैदानावर, स्वतःच्या वडिलांच्या खांद्यावर बसून. माझ्या वडिलांचे इंग्रजी तुटक आणि त्यांचे लँकेशायरचे उच्चार आम्हा कोणालाच नीट कळेनात, त्यामुळे दोघे मनगट वळवून एकमेकांना गुगली दाखवत बसले. सामना कोण जिंकले ते दोघांनाही ठाऊक नाही.

खेळ संपल्यावर ग्राउंड्समनने वडिलांना खेळपट्टीच्या कडेपर्यंत नेले. गुप्ते कोणत्या टोकाने टाकत असत, असे वडिलांनी विचारले. त्या आजोबांनी काठी उचलून दाखवली. वडील त्या टोकाला गेले, बराच वेळ उभे राहिले आणि मग बहिणीला म्हणाले, "इथून वारा अंगावर येतो. चेंडू तरंगत असणार."